चांगले चित्रीकरण : आधी आवाज, मग चित्र



स्नेहसंमेलनात मुले नाचायला उभी राहिली की पुढच्या रांगेतले पालक मोबाईल वर धरून उभे राहतात. मागे बसलेल्यांना मुले दिसत नाहीत, मोबाईल दिसतात. दुसऱ्या दिवशी तोच नाच कितीतरी फोनमध्ये असतो, पण बसून पाहावा असा एखादाच निघतो. कुठे चित्र हलते, कुठे चेहरे काळे पडतात, तर कुठे गाण्यापेक्षा शेजारच्यांच्या गप्पाच मोठ्या. कौतुक खरे असते, यात शंका नाही. पण माझे स्पष्ट मत आहे की चित्रीकरण हेही शिकण्याचे काम आहे. ते शाळेने शिकवावे आणि त्याचा पहिला धडा आवाजाचा असावा.

असे का म्हणतो, ते सांगतो. माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची. तिच्या शेवटच्या वर्षी मी त्या मोबाईलवर घेतल्या. चित्र उत्तम आले. चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसते. पण डोक्यावर पंखा फिरत होता आणि मी दाराशी उभा होतो. आज ते चित्रीकरण लावले की आजीचे ओठ हलताना दिसतात आणि ऐकू येते ती पंख्याची घरघर. बटण दाबायला किती वेळ लागला असता? आता आजी नाही आणि त्या ओव्या घरात दुसऱ्या कोणाला येत नाहीत.

हा प्रश्न माझ्या एकट्याच्या घरचा नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि आपला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. २०१४ पासून तो तेलंगणात आहे. घरातली मराठी मात्र चालत राहिली आणि शेजारच्या तेलुगू, गोंडीचे शब्द तिने आपलेसे केले. नार्नूरची ही बोली पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. ती म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. ती जपायची तर पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात. यांपैकी एकीलाही पैसे लागत नाहीत.

आवाज : पंखा, कूलर, टीव्ही बंद करावा. बोलणाऱ्यापासून दोन-तीन फुटांवर बसावे. दुसरा फोन असल्यास त्यावर फक्त आवाज रेकॉर्ड करून तो बोलणाऱ्याजवळ ठेवावा. मध्येच कोणाचा कॉल येऊ नये म्हणून फोन फ्लाइट मोडवर टाकावा.

उजेड : खिडकी किंवा दार चित्रीकरण करणाऱ्याच्या पाठीशी असावे. माणूस उजेडाकडे पाठ करून बसला की कॅमेरा बाहेरच्या उजेडाशी जुळवून घेतो आणि चेहरा काळा पडतो. सकाळची ओसरी यासाठी उत्तम. सुरुवातीला लेन्स मऊ कापडाने पुसण्यास विसरू नये.

स्थिरता : फोन आडवा धरावा, कोपरे अंगाशी घ्यावीत, भिंतीला टेकावे. स्टुलावर पुस्तके रचून फोन नीट टेकवून ठेवला तर आणखी चांगले. झूम करण्यापेक्षा दोन पावले पुढे जावे. एक दृश्य किमान दहा सेकंद तरी हलवू नये.

सबुरी : दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ चित्रित केली. रोज थोडी थोडी चित्रे घेत गेल्यावर पडद्यावर ते रोप भराभर वाढताना दिसले. एका वाटाण्यासाठी त्यांनी एवढा धीर धरला. आजोबा बोलता बोलता थांबले तर आपण लगेच बटण बंद करू नये. आठवण यायला वेळ लागतो.

घेतलेले जपणे हेही कामच आहे. १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' आज पूर्ण उपलब्ध नाही, मग आपल्या फोनचा काय भरवसा! व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा व्हिडिओ पाठवला की त्याचा दर्जा घटतो. म्हणून मूळ फाईल दोन ठिकाणी ठेवावी. तिला व्यक्तीचे नाव, गाव आणि तारीख द्यावी. जवळच्या मार्लवाईत १९४० च्या दशकात राहिलेले मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी गोंड समाजाची छायाचित्रे घेतली. ती लंडनच्या सोआस या संस्थेत जपून ठेवली आहेत. परदेशातून आलेल्या माणसाने आपल्या शेजाऱ्यांसाठी एवढे केले, तर आपल्याच घरच्यांसाठी आपण किती करायला हवे?

विश्वस्त मंडळास दोन विनंत्या आहेत. स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण तीन विद्यार्थ्यांकडे सोपवावे, त्यांना ठरलेली जागा द्यावी आणि बाकी सर्वांनी हात मोकळे ठेवून टाळ्या वाजवाव्यात. दुसरे, दिवाळीच्या सुटीत आठवी-नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एका वडीलधाऱ्या व्यक्तीचे दहा मिनिटे चित्रीकरण करून आणावे आणि ते शाळेने दोन हार्ड डिस्कवर जपावे. मात्र आधी परवानगी घ्यावी. शेजारी दंडारी पाहायला गेल्यावरही हाच नियम पाळावा. सगळेच कॅमेऱ्यासाठी नसते.

"अभ्यास सोडून मुलांच्या हाती मोबाईल कशाला?" असे काही पालक विचारतील. त्यांची काळजी रास्त आहे. पण मोबाईल मुलांच्या हातात केव्हाच आला आहे. तो कशासाठी वापरायचा, एवढेच शिकवणे आपल्या हाती उरले आहे.

तेव्हा मुलांनो, आज घरी गेल्यावर आजीजवळ बसा. तिला विचारा, तिची हरकत नसेल तर फोन काढा. आणि हो, आधी पंखा बंद करा.