निंबोळी अर्काला जहाल औषधाचं माप लावू नका

“निंबोळी मारली, दुसऱ्या दिवशी अळ्या जशाच्या तशा!” सिंदेवाही-मूलपासून आरमोरीपर्यंत दर हंगामात हेच ऐकतो. दुकानदार म्हणते ते समजू शकतो. पण शिकलेले लोकही तेच म्हणतात, तेव्हा बोलावंच लागते जी.

माप चुकते, भाऊ. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारखं औषध अळीच्या मज्जातंतूतलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, बंद पाडते. अळी तडफडून मरते. तेच विकर माणसातही आहे, म्हणून अशी औषधं फवारणाऱ्यालाही लागतात. २०१७ ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते विसरलो का आपण?

निंबोळीतलं अ‍ॅझाडिरॅक्टिन वेगळं काम करते. अळीची भूक मारते, कात टाकणं बिघडवते. धानाची पानं गुंडाळणाऱ्या अळीवर अभ्यास झाले आहेत. त्यांत पोटातल्या फॉस्फेटेजसारख्या विकरांचं काम मंदावलेलं दिसलं. अळी जिती दिसते, पण खात नाही, वाढत नाही. मग मेलेल्या अळ्या कशाला मोजता? पाच-सात दिवसांनी नवीन पान किती खाल्लं ते मोजा.

मीही फसलो होतो. जित्या अळ्या पाहून तिसऱ्याच दिवशी जहाल औषध मारलं. अळ्या गेल्या, पण बांधीतले कोळीही गेले आणि मागून तुडतुडे वाढले.

आता आपल्या बाजूच्यांनाही सांगतो. खोडकिडा खोडात शिरल्यावर अर्क त्याच्यापर्यंत पोचत नाही. मोठ्या अळीवर उशिरा मारून उपयोग नाही. अळी लहान असतानाच मारा, तेही संध्याकाळी, कारण उन्हात अ‍ॅझाडिरॅक्टिन लवकर नासते. माप सोपं आहे: ५ किलो निंबोळी कुटून रात्रभर ९ लिटर पाण्यात भिजवा, गाळा, २०० ग्रॅम साबण १ लिटर पाण्यात विरघळवून त्यात घाला, सगळं मिळून १०० लिटर करा. बुरशी लागलेली निंबोळी घेऊ नका. आणि झाडपाला म्हणजे निर्धोक, हे डोक्यातून काढा. धोत्रा माणसालाही विष आहे. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते.

कृषी सहायक साहेबांना एकच विनंती. प्रात्यक्षिक घ्याल तेव्हा शेजारी एक बांधी बिनफवारणीची ठेवा, आठवड्यानं परत या आणि दोन्हीकडची खाल्लेली पानं मोजा. दुसऱ्या दिवशी येऊन “फेल” लिहू नका.