ब्लॉकचेनच्या आधी वजनकाटा

फायनल इयरच्या प्रोजेक्टची यादी लागली की हल्ली त्यात एक नाव हमखास असतं : 'ब्लॉकचेन बेस्ड वेस्ट मॅनेजमेंट'. विषय वाईट नाही. पण हा वेस्ट नेमका कुठला, कुणाचा, असं विचारलं की पोरं गप्प! म्हणून आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ.

दौंड तालुक्यात गुऱ्हाळं भरपूर. 'सर्क्युलर इकॉनॉमी' हा शब्द आपल्या सिलॅबसमध्ये यायच्या कितीतरी आधीपासून ती तिथे चालत आली आहे. उसाचा रस काढला की चिपाड वाळवायचं, तेच चुलवणात घालून रस आटवायचा आणि राख शेतात टाकायची. वाया काहीच नाही. पण चिपाड ओलं असलं किंवा कमी पडलं की स्वस्त जळण शोधलं जातं. टायर, प्लॅस्टिक, जुन्या चपला गुऱ्हाळांत जाळल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या आहेत. असा माल तिथे अर्धवट जळतो. तो विषारी धूर आधी चुलवणापुढच्या मजुराच्या छातीत जातो आणि मग गावात.

हे प्लॅस्टिक काही आभाळातून पडत नाही. कुणीतरी ते भंगारात विकलेलं असतं आणि कागदोपत्री कदाचित 'रिसायकल' झालेलंही असतं! हा नुसता संशय नाही. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत प्लॅस्टिक रिसायकलिंगची सहा लाखांवर बनावट प्रमाणपत्रं सापडली, आणि त्यात महाराष्ट्रही होता.

मग ब्लॉकचेन हे थांबवेल का? किराणा दुकानदाराच्या वहीत 'मागील पानावरून पुढे' अशी बेरीज येते, तसा प्रत्येक ब्लॉकमध्ये आधीच्या ब्लॉकचा हॅश असतो. मागची नोंद बदलली की पुढचं सगळं बिघडतं, आणि वही एकाकडे नसून सगळ्यांकडे असते. म्हणजे लिहिलेलं खोडता येत नाही. पण लिहितानाच खोटं लिहिलं तर? मग ते खोटंही कायमचं पक्कं होतं!

राज्य वखार महामंडळ आणि राज्य सहकारी बँकेने २०२० मध्ये वखार पावतीवरच्या कर्जासाठी ब्लॉकचेन आणली. तिथे माल आधी काट्यावर चढतो, गोदामात कुलूपबंद राहतो, मगच पावती होते. शिवाय शेतकऱ्याला त्यावर कर्ज मिळतं, म्हणून त्यालाही नोंद हवीच असते. खरं मोजमाप आणि नोंद करणाऱ्याचा फायदा, या दोन पायांवर ती व्यवस्था उभी आहे.

भंगारात हे दोन्ही पाय लंगडे आहेत. रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीच्या आसपासच्या छोट्या भंगारवाल्याने आपल्या अॅपमध्ये नोंद का करावी? त्याला दर चांगला मिळणार आहे का, पैसे लवकर मिळणार आहेत का? याचं उत्तर नसेल तर आपलं अॅप व्हायवापुरतंच.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. आधी माल निघताना आणि पोचताना, दोन्हीकडे काट्यावर वजन व्हावं आणि तफावत आपोआप दिसावी. एवढं साध्या डेटाबेसवरही जमतं. कारखानदार, भंगारवाला, रिसायकलर यांचा एकमेकांच्या वहीवर विश्वास बसेना, तर ब्लॉकचेन जरूर आणा. आणि गुऱ्हाळवाल्याला नुसती नोटीस देऊन भागणार नाही. चिपाड कोरडं ठेवायला शेड आणि कमी जळणात चालणारं चुलवण लागेल. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनो, हे काम तुमचं!

शिरूर, दौंड इथून लांब नाही. सिनॉप्सिस भरण्याआधी एकदा तरी एसटी पकडा.