समुद्र जव्हारला जवळ, मग द्राक्षं नाशिकला का?

कॅलिफोर्निया, चिली, दक्षिण आफ्रिका. वाईनसाठी गाजलेल्या या भागांत अनेक बागा समुद्राजवळ आहेत. आपल्याकडे मात्र द्राक्षं पिकतात घाट ओलांडून नाशिकला. समुद्राच्या बाजूच्या जव्हार-मोखाड्यात भात, नागली, वरई. असं का?

पेरू देशातलं इका शहर बघा. समुद्रापासून साधारण पन्नास किलोमीटर आत, उंची चारशे मीटरच्या आसपास. जव्हारचंही जवळपास तसंच. उलट इका विषुववृत्ताला जव्हारपेक्षा जवळ आहे. तरी तिथे द्राक्षांच्या मोठ्या बागा आहेत आणि पेरू आज जगातल्या आघाडीच्या द्राक्ष निर्यातदारांपैकी एक आहे. म्हणजे नाशिकचा थेट स्पर्धक.

फरक आहे समुद्राच्या पाण्यात. पेरूच्या किनाऱ्याला समांतर वारे वाहतात. ते आणि पृथ्वीचं फिरणं मिळून वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतात आणि त्याच्या जागी खोलातलं गार पाणी वर येतं. गार पाण्याची वाफ कमी होते, त्यावरची हवाही गार आणि जड राहते. ती वर चढत नाही, म्हणून पावसाचे ढग बनत नाहीत. इकात वर्षाला जेमतेम काही मिलीमीटर पाऊस पडतो आणि बागा जगतात अँडीज पर्वतातून येणाऱ्या पाण्यावर. कॅलिफोर्नियातही हेच घडतं. तिथे समुद्रावरचं धुकं खोऱ्यांत शिरतं, रात्री गार होतात, द्राक्षं सावकाश पिकतात आणि त्यांतला आंबटपणा टिकतो. वाईनला तोच लागतो.

आपला अरबी समुद्र पावसाळ्याआधी २८-३० अंशांपर्यंत तापतो. नैऋत्य वारे त्याची वाफ घेऊन सह्याद्रीवर आदळतात आणि जव्हारला सुमारे ३,००० मिलीमीटर पाऊस पडतो. एवढ्या ओलाव्यात द्राक्षावर डाउनी आलाच म्हणून समजा! घाटापलीकडे नाशिक शहरात पाऊस याच्या साधारण चौथाई. तिथले बागायतदार ऑक्टोबरच्या सुमारास छाटणी करतात, म्हणजे फळ कोरड्या थंडीत पिकतं. थंड समुद्राचं काम नाशिकमध्ये सह्याद्री आणि हिवाळा करतात.

पण अरबी समुद्र आणखी तापतोय. पुण्याच्या आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांच्या मते चार दशकांत त्याचं तापमान १.२ ते १.४ अंशांनी वाढलंय. प्रत्येक अवकाळीचं खापर त्यावर फोडता येणार नाही, पण तापलेला समुद्र हवेत जास्त बाष्प सोडतो हे नक्की. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस निफाड भागात गारपीट झाली आणि ऐन हंगामात बागा झोडपल्या गेल्या.

याचा जव्हार-मोखाड्याशी संबंध आहेच. भातकापणी झाली की इथली अनेक आदिवासी कुटुंबं स्थलांतर करतात. कुणी वीटभट्टीवर, कुणी बांधकामावर, तर कुणी नाशिककडच्या द्राक्षबागांत थिनिंग-डिपिंगला. बाग झोपली की त्यांची मजुरीही बुडते. नुकसानीचा पंचनामा मात्र सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याच्या पिकाचा होतो. मजुराच्या बुडालेल्या दिवसांसाठी त्यात रकाना नाही.