अतिवास्तव आणि ‘कार्टून’ : समीक्षेची एक पळवाट

विलास सारंगांच्या कथेतील अतिवास्तवाची मराठी समीक्षेने गांभीर्याने चिकित्सा केली. मात्र तेच अतिवास्तव प्रौढांसाठीच्या अॅनिमेशन लघुपटात अवतरले, की ‘कार्टून’ हा शब्द उच्चारून ती मोकळी होते. या उपेक्षेमागे दोन गृहीतके आहेत; दोन्ही तपासली पाहिजेत.

पहिले गृहीतक माध्यमविषयक आहे. शब्द प्रतिमेला अनिश्चित ठेवतो, चित्र तिला जखडते, असा हा युक्तिवाद. ‘मेटामॉर्फॉसिस’च्या मुखपृष्ठावर तो कीटक रेखाटू नये, असे काफ्काने १९१५ मध्ये प्रकाशकाला कळवले होते, हा दाखला या पक्षाला सोयीचा वाटेल. परंतु काफ्काचा नकार एका स्थिर चित्राला होता. अॅनिमेशनमध्ये कोणतेच चित्र अंतिम नसते. प्रत्येक चौकट आधीच्या चौकटीला मोडत पुढे सरकते. रूपांतर हा तेथे केवळ विषय नसून घडणीचा नियम असतो. गीतांजली राव यांच्या ‘प्रिंटेड रेनबो’मधील (२००६) एकाकी स्त्री काड्यापेट्यांवरील चित्रांच्या जगात शिरते. त्या रंगांनी तिचे एकटेपण मिटत नाही, उलट अधिक गडद होते. ही संदिग्धता कथेत वाङ्मयीन मूल्य ठरते. मग पडद्यावर ती बालरंजन का ठरावी?

दुसरे गृहीतक देशीवादाच्या नावाने मांडले जाते: हे सारे महानगरी आणि आयात केलेले, बीड जिल्ह्यातील चकलांब्याच्या वाचकाला त्याचे काय? फिल्म्स डिव्हिजनमधील प्रयोगशील दिग्दर्शक प्रमोद पती चेकोस्लोव्हाकियात यिरी त्रन्का यांच्याकडे शिकले, हे खरे. पण कादंबरी तरी कोठून आली? दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्येच ‘आगकाड्यांची मौज’मधून निर्जीव काड्यांना गती दिली होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मुंगीने सूर्य गिळल्याची कल्पना मुक्ताबाईंच्या कूटरचनेतून आणि अद्भुत विपर्यास नाथांच्या भारुडातून ऐकत आलेल्या श्रोत्याला अतिवास्तव परके आहे, असे म्हणणे हा त्या श्रोत्याचाच अवमान होय. चकलांब्यात उणीव असेलच तर ती हे लघुपट पोहोचण्याची; ग्रहणशक्तीची नव्हे. ग्रामीण वाचकाच्या नावाने बोलणाऱ्या समीक्षकाने आधी हा भेद ओळखावा.

तात्पर्य, हे लघुपट संहिता म्हणून वाचले जावेत, पदव्युत्तर वर्गात कथेशेजारी ठेवले जावेत. त्यानंतर त्यांपैकी काही सुमार ठरले, तर तो निर्णय समीक्षेचा असेल. न पाहताच केलेली वर्गवारी ही समीक्षा नव्हे.