प्लॅस्टिक आणि धातू यांचा सांधा

रोवणी आटोपून धान बांध्यांत उभा राहिला, की भंडारा जिल्ह्यातील घराघरांतून पाठीवरचे फवारणी पंप खाली काढले जातात. गेल्या हंगामात कोणता सांधा झिरपत होता त्याची आठवण तेव्हाच होते आणि कोणीतरी दुकानातून चिकटद्रव्याची लहानशी नळी घेऊन येतो. क्षणात चिकटणारे ते द्रव्य टाकीच्या तळाशी, पितळी जोडाच्या कडेने फासले जाते. दुसऱ्या दिवशी पंप पाठीवर चढतो, दांडा हलू लागतो आणि सांधा सुटतो. औषध गळते ते माणसाच्या पाठीवर. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसजणांच्या आसपास शेतकरी व मजूर दगावले. तेथील कारणे अनेक होती. परंतु कीटकनाशक कातडीवाटेही शरीरात शिरते हे जाणणाऱ्याला गळका पंप क्षुल्लक बाब मानता येणार नाही.

माझे मत असे, की यात दोष बहुधा चिकटद्रव्याचा नसून निवडीचा असतो. दुकानात आपण 'सर्वांत मजबूत कोणते?' असे विचारतो. विचारावयास हवे ते 'हे प्लॅस्टिक कोणते?' असे. याची परीक्षा घरी करता येते. त्या प्लॅस्टिकचा बारीक तुकडा कापून पाण्यात बुडवावा व बोटाने चोळून त्यावरील बुडबुडे काढावेत. तुकडा तरंगला तर ते पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीन समजावे. फवारणी पंपांच्या टाक्या बहुधा याच जातीच्या असतात. यांचा पृष्ठभाग मेणासारखा असल्यामुळे नेहमीचे कोणतेही चिकटद्रव्य त्यावर टिकत नाही. तुकडा बुडाला तर ते पी.व्ही.सी. किंवा तत्सम प्लॅस्टिक असण्याचा संभव अधिक. त्यावर दोन नळ्यांतील द्रव्ये मिसळून करावयाचे इपॉक्सी चांगले बसते. तुकडा जाळून पाहण्याची काहींना सवय आहे. ती सोडावी, कारण पी.व्ही.सी.चा धूर फार अपायकारक असतो.

पी.व्ही.सी. नळ जोडण्याचे सिमेंट लोखंडावरही चालेल, असा समज मला अनेक गावांत आढळला. ते सिमेंट प्लॅस्टिक विरघळवून दोन नळांचा एकजीव करते; लोखंड काही विरघळत नाही. मोटारीच्या लोखंडी तोंडाला प्लॅस्टिकचा नळ लावावयाचा असेल तर आट्यांचा जोड घ्यावा व आट्यांवर टेफ्लॉनची फीत गुंडाळावी. शक्यतो प्लॅस्टिकचे बाहेरचे आटे लोखंडाच्या आत बसवावेत; लोखंड प्लॅस्टिकच्या आत पिळले तर प्लॅस्टिक तडकते.

यामागे उष्णतेचेही कारण आहे. तापमान ३० अंशांनी वाढले तर एक मीटर पी.व्ही.सी. नळ सुमारे २ मिलिमीटर लांबतो. लोखंड त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढेच. आपल्याकडील मे महिन्याचे ऊन आठवावे. दिवसा ताणला जाणारा आणि रात्री आखडणारा सांधा कडक चिकटद्रव्याने किती दिवस धरून ठेवावा?

आपल्या भागाला चिकटद्रव्य नवे नाही. पळसावरील लाख तापवून विळ्या-सुऱ्यांच्या मुठी बसविण्याची रीत जुनी आहे. परंतु त्या कारागिरालाही ठाऊक होते, की लाकडाच्या भोकात शिरलेला लोखंडी दांडाच खरा भार घेतो, लाख केवळ पोकळी भरते. प्लॅस्टिकच्या बाबतीत हे आपण विसरलो, असे मला वाटते.

म्हणून जेथे दाब नाही, औषध नाही, तेथेच इपॉक्सी वापरावे. डब्याची तुटलेली मूठ किंवा झाकणाची कडी यांना ते पुरते. दोन्ही बाजू खरकागदाने खडबडीत कराव्यात, तेलकटपणा पुसावा, वेष्टनावर सांगितल्याप्रमाणे दोन्ही द्रव्ये मोजून मिसळावीत आणि मंद प्रकारच्या इपॉक्सीस पूर्ण एक दिवस हलवू नये. घाई हेच अपयशाचे मोठे कारण आहे.

फवारणी पंपाला मात्र चिकटद्रव्य लावूच नये. गळती बहुधा झिजलेल्या वॉशरमुळे असते व तो बदलला की थांबते. टाकीच तडकली असेल तर टाकी बदलावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी फवारणीपूर्वीच्या बैठकीत पंपांत नुसते पाणी भरून, दाब देऊन ते तपासून घ्यावेत. भंडारा, तुमसर किंवा साकोली येथे बाजारास जाताना जुना वॉशर धुऊन सोबत न्यावा, म्हणजे मापाची चूक होत नाही.