प्रार्थना, उपकारस्तुती आणि मनाची शांती



परिपाठात आपण रोज प्रार्थना घेतो. मुलं हात जोडतात, डोळे मिटतात. पण डोळे मिटल्यावर मुलांच्या मनात काय चालतं, हे आपण कधी विचारतो का?

मी मूळची नगर जिल्ह्यातली, ख्रिस्ती घरातली. डी.एड. झाल्यावर नोकरीसाठी इकडे दिघीला आले. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा इथेच होते. भाड्याच्या घरावरचे पत्रे उडाले. त्या दुपारी माझी प्रार्थना एकाच शब्दाची होती, 'वाचव!' पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. श्रीवर्धन, दिवेआगरकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या होत्या. शाळा पुन्हा भरू लागल्यावर मी वर्गात सहज म्हटलं, "आपण वाचलो, देवाचे आभार मानूया." तेव्हा एक मुलगी म्हणाली, "बाई, आमची सुपारीची वाडी गेली. मग आभार कसले मानायचे?"

मला उत्तर सुचलं नाही. पण तिचा प्रश्न बरोबर होता, असं मला आज ठामपणे वाटतं. रडणाऱ्या माणसाला 'जीव तर वाचला ना, आभार मान' असं सांगणं म्हणजे त्याला गप्प बसवणं. बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडून बघा. 150 स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रांत सरळ सरळ देवाकडे तक्रार आहे. म्हणजे रडणं हीसुद्धा प्रार्थनाच आहे.

मग उपकारस्तुती कुठे येते? लहानपणी आमची आजी रात्री जेवणाआधी सगळ्यांना बसवून प्रार्थना करायची. आधी दिवसभराचे उपकार एकेक करून आठवायचे, मागणं शेवटी. आम्हाला भूक लागलेली असायची, कंटाळा यायचा. त्या क्रमाचा अर्थ मला खूप उशिरा कळला. संत पौलाने फिलिप्पैकरांना पत्र लिहिलं ते कैदेत असताना. त्यात तो सांगतो की चिंता करत बसू नका, आभार मानत आपली मागणी देवापुढे ठेवा, म्हणजे देवाची शांती तुमचं मन राखील. नीट बघा, मागितलेलं सगळं मिळेलच असं तो तिथे म्हणत नाही. तो शांतीबद्दल बोलतो. आपण मात्र मागणी पूर्ण झाली की शांती मिळेल, असं धरून चालतो आणि वाट बघत राहतो.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. दुष्काळाने त्यांचे आईवडील आणि बहीण नेली. पुढे भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत, 1882 साली पती गेले. 1883 मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना सोबत घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन अशा मुलींचं घर झालं. 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरीही मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणण्याचं काम त्यांनी सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, त्याआधी ते पुरं केलं.

रमाबाईंनी दुष्काळाबद्दल आभार मानले असतील असं मला वाटत नाही. पण ज्या भुकेतून आपण वाचलो, त्याच भुकेतल्या मुलींना घास द्यायला त्या निघाल्या. मला वाटतं, खरी उपकारस्तुती हीच. संकटाबद्दल आभार मानायचे नसतात. संकटातही जे हातात उरलंय ते ओळखायचं आणि त्यातलं थोडं दुसऱ्याला द्यायचं. मनाला शांती मिळते ती त्या वाटेवर. नुसतं डोळे मिटून बसल्याने ती येत नाही.

आता माझ्या घरी रात्री तीन गोष्टी होतात. आधी आज काय दुखलं ते देवाला सांगायचं. मग एका गोष्टीचे आभार. शेवटी मागणं, तेही आधी दुसऱ्यासाठी. वर्गात सगळ्या धर्मांची मुलं आहेत, तिथे माझा धर्म शिकवणं हे माझं काम नाही. तिथे मी परिपाठानंतर एवढंच विचारते, "काल तुमच्यासाठी कोणी काय केलं?" त्या वाडीवाल्या मुलीने पहिले काही दिवस काहीच सांगितलं नाही. मीही आग्रह केला नाही. मग एक दिवस ती म्हणाली, "वादळानंतर शेजारच्या चाची रोज आम्हाला पाण्याची कळशी भरून द्यायच्या. मी त्यांना काही बोललेच नाही." दुसऱ्या दिवशी सांगत आली, "बाई, काल जाऊन बोलले."

वाडीत नवी रोपं लावलीत, पण पोफळ धरायला वर्षं लागतात. तिचं नुकसान अजून भरून निघालेलं नाही. पण त्या दिवशी तिचा चेहरा हलका झाला होता, हे मी पाहिलंय.

पालकहो, आज रात्री मुलांकडून 'थँक्यू देवा' पाठ करून घेऊ नका. आधी त्यांची तक्रार ऐका. आभार मागून येतील.