विमा विकत घ्यायचा की उपचार?

२२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला आणि अनेकांना आरोग्याचा प्रश्न निम्मा सुटल्यासारखे वाटले. मला तसे वाटत नाही. हप्ता स्वस्त झाला. धंद्याचे गणित तेच राहिले. निरोगी ग्राहक शोधायचा, आजाऱ्याला ताटकळत ठेवायचे. आधीपासूनच्या आजारासाठी कंपनी आजही ३६ महिन्यांपर्यंत थांबवू शकते (२०२४ पूर्वी ४८). वयाबरोबर हप्ता चढतो, तोही उत्पन्न थांबते नेमक्या त्याच वेळी.

आता आम्हा केंद्रीय नोकरांकडे पाहा. १९५४ साली दिल्लीत सुरू झालेली सीजीएचएस म्हणजे लहान परिघातली, एकाच सरकारी तिजोरीतून पैसे देणारी व्यवस्थाच आहे. वर्गणी महिना २५० ते १००० रुपये. ती वेतनस्तरावर ठरते, वय वा आजारावर नव्हे. मधुमेही शिपायाला प्रतीक्षाकाल नाही. तपासणी आणि रोजची औषधेही मिळतात. बदलीबरोबर भोपाळहून हैदराबादला गेलेल्या मराठी कुटुंबाला नवी पॉलिसी शोधावी लागत नाही. ही सोय स्वतः उपभोगून आम्ही इतरांना मात्र विम्याचा उपदेश करतो, याला काय म्हणावे?

रुग्णालये म्हणतात, दर तुटपुंजे आणि देयके रखडलेली. तक्रार खरी आहे. २०१४ नंतरची व्यापक दरसुधारणा थेट २०२५ मध्ये झाली; इतक्या जुन्या दराने कोण आनंदाने दाखल करून घेईल? पण हा फायलीचा दोष आहे, तत्त्वाचा नव्हे. दर प्रतिवर्षी सुधारावेत, विलंबावर व्याज द्यावे.

२०१८ च्या आयुष्मान भारत योजनेत बहुतेक राज्यांनी विमा कंपनीला वगळून रुग्णालयांना थेट पैसे देण्याचा मार्ग पत्करला. म्हणजे मधला दलाल अनावश्यक आहे, हे सरकारला कळलेले आहे. मात्र ५ लाखांचे ते संरक्षण दाखल झाल्यावरच लागू होते. बाह्यरुग्णाचा खर्च ज्याचा त्याने करायचा.

पैसा कोठून आणणार? २०२१-२२ मध्ये सरकारचा आरोग्यखर्च जीडीपीच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या धोरणात २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे वचन होते. त्याच वर्षी देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी खिशातून भरले. ही रक्कम देश आजही मोजतोच, फक्त रुग्णालयाच्या काउंटरवर, प्रसंगी दागिना गहाण टाकून. ती आधीच, उत्पन्नाच्या प्रमाणात, कररूपाने घ्यावी. ऐच्छिक वर्गणी नको, कारण मग फक्त आजारीच येतील आणि योजना बुडेल. आमची सीजीएचएसही त्याच व्यवस्थेत विलीन करावी. दवाखान्यातली आमची रांग लांबेल. खुशाल लांबू द्यावी.